कंपवाताचा रुग्ण, दूरची मुले आणि रुग्णालयापुरती योजना

भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. त्या काळात आणि पुढील दोन-तीन दशकांत देशाच्या कानाकोपऱ्यातून तरुण येथे नोकरीसाठी आले. नागपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतील मराठी कुटुंबेही त्यात होती. हावडा-मुंबई मार्गावरील गाडीने नागपूरहून दुर्ग सुमारे २६५ किलोमीटर. त्यामुळे गाव पूर्णपणे सुटले असे कोणाला वाटले नाही. सेवानिवृत्तीनंतर कारखान्याचे निवासस्थान सोडावे लागते. तेव्हा अनेकांनी सुपेला, कोहका, जुनवानी, स्मृतिनगर या भागांत घरे बांधली. भिलाईने आपल्या मुलांना शिकवले आणि शिकलेल्या मुलांना बाहेर पाठवले. आज कोहक्यातील अनेक घरांत सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेले दोघेच राहतात आणि मुले पुणे, हैदराबाद, बंगळूर किंवा परदेशात असतात.

अशा घरात कंपवाताने, म्हणजेच पार्किन्सन्स या आजाराने, प्रवेश केला की काय घडते, हा प्रश्न वरवर खासगी वाटतो. परंतु गेल्या काही वर्षांत ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्याबाबत ज्या योजना आणि कायदे झाले, त्यांची खरी कसोटी अशाच घरात लागते. हृदयविकाराचा झटका किंवा खुब्याचे मोडलेले हाड यांसाठी आपली व्यवस्था हळूहळू तयार होत आहे. दहा-पंधरा वर्षे मुक्काम करणाऱ्या, क्वचितच रुग्णालयात दाखल व्हावे लागणाऱ्या आणि तरीही रोजचे जगणे पोखरणाऱ्या आजारासाठी मात्र ती तयार नाही.

आजाराची ओळख उशिरा का पटते?

लंडनमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे पद्धतशीर वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. त्यांचा जन्मदिवस ११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. मेंदूतील डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि हालचालींवरील नियंत्रण सुटत जाते, हे विज्ञान नंतरचे. आयुर्वेदातही कंपवाताचे वर्णन आहे.

कंपवात म्हटले की हात थरथरणे एवढेच डोळ्यांसमोर येते, आणि निदानाची पहिली चूक तेथेच होते. काही रुग्णांना कंप नसतोच. हालचाल मंदावते, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो, चालताना एक हात हलेनासा होतो, अक्षर बारीक होत जाते, आवाज खोल जातो. चेहऱ्यावरचे भाव कमी होतात आणि घरचे म्हणतात, "बाबा हल्ली रुसल्यासारखे बसतात." वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणे किंवा हातपाय झाडणे ही लक्षणे तर कंपाच्या कितीतरी वर्षे आधी दिसू शकतात. पण ती या आजाराशी जोडण्याचे कोणाला सुचत नाही. खांदा आखडला म्हणून अस्थिरोगतज्ज्ञाकडे काही महिने जातात. उरलेले "वय झाले" या दोन शब्दांत संपतात. हिंदी पट्ट्यात त्यात आणखी एका शब्दाची भर पडते, तो म्हणजे 'लकवा'. अचानक आलेला पक्षाघात आणि वर्षानुवर्षे वाढणारा कंपवात या दोन्हींना तो सर्रास लावला जातो आणि उपचाराची दिशा चुकते.

या आजाराचे निदान करणारी एकच अशी रक्ततपासणी नेहमीच्या व्यवहारात उपलब्ध नाही. मेंदूचा एमआरआय बहुधा इतर कारणे वगळण्यासाठी काढला जातो. निदान होते ते अनुभवी डॉक्टरने रुग्णाला चालायला लावून, बोटे आपटायला सांगून, मनगट फिरवून आणि मुख्य म्हणजे हकिकत ऐकून. ही हकिकत सांगणारा माणूस सोबत असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. रुग्णाचा आवाज खाली गेलेला असतो आणि विचार मांडायला त्याला वेळ लागतो. मराठी घरातल्या वृद्धेला आपली झोप, आपली भीती, आपले भास हिंदीत सांगणे आणखी अवघड जाते. अशा वेळी मुलगा किंवा मुलगी हेच रुग्णाच्या हकिकतीचे निम्मे साधन असते. पुण्याहून येणाऱ्या मुलाने आईला चालताना, जेवताना, खुर्चीतून उठताना भ्रमणध्वनीवर टिपून ठेवले, तर तपासणीच्या दहा मिनिटांत न दिसणारे बरेच काही डॉक्टरांना दिसते.

आणखी एक गोष्ट या पहिल्या भेटीआधी तपासण्यासारखी आहे आणि तिच्याकडे आपल्याकडे आश्चर्यकारक दुर्लक्ष होते. काही औषधांमुळे हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे निर्माण होतात. मानसिक आजारांवरील काही औषधे त्यात येतातच. पण उलटीसाठीचे मेटोक्लोप्रमाइड, चक्कर येण्यावर वर्षानुवर्षे घेतले जाणारे सिनारिझिन, फ्लुनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन आणि आम्लपित्ताच्या गोळीत मिसळून विकले जाणारे लेव्होसल्पिराइड हीसुद्धा त्यात येतात. औषध बंद केल्यावर यांतील अनेक रुग्णांची लक्षणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. घरातील गोळ्यांची सगळी पाकिटे, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेलीसुद्धा, एका पिशवीत भरून तज्ज्ञांसमोर ठेवणे ही म्हणूनच क्षुल्लक बाब नाही. त्यातली कोणती बंद करायची हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

पोलाद आणि मँगनीज

भिलाईच्या संदर्भात एक प्रश्न हमखास विचारला जातो. कारखान्यात आयुष्य गेले म्हणून हा आजार झाला काय? उत्तर सावधपणे द्यावे लागते. मँगनीजची धूळ किंवा धूर दीर्घकाळ श्वासावाटे जात राहिल्यास कंपवातासारखाच आजार होतो, हे १८३७ मध्ये ग्लासगोचे डॉ. जॉन कूपर यांनी मँगनीज दळणाऱ्या कामगारांत प्रथम नोंदवले. मँगनीज हा पोलादनिर्मितीतील आवश्यक घटक आहे आणि नागपूर, भंडारा, बालाघाटचा पट्टा त्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहे. मात्र मँगनीजमुळे होणारा विकार आणि नेहमीचा पार्किन्सन्स यांत फरक आहे. पहिल्यात लेव्होडोपा या मुख्य औषधाचा फारसा उपयोग होत नाही. कारखान्यात काम केले एवढ्यावरून कोणाच्याही आजाराचे कारण ठरवता येत नाही. परंतु खाण, वितळविभाग किंवा वेल्डिंगमध्ये किती वर्षे काढली, शेतीत पॅराक्वाटसारखी विषारी द्रव्ये फवारली काय, हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. बहुतेक वेळा ते कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

देशात या आजाराचे प्रमाण किती, याचे चित्रही तुकड्यातुकड्यांचे आहे. मुंबईतील पारशी समाजाच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले, लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले. ग्रामीण काश्मीरमधील १९९४ च्या अभ्यासात हाच आकडा लाखामागे १४ होता. पारशी समाजातील वृद्धांचे मोठे प्रमाण लक्षात घेतले तरी एवढी तफावत पुरेशी उलगडत नाही. कोण शोधतो आणि कसे शोधतो यावर आकडा ठरतो, असाच याचा अर्थ घ्यावा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोक या आजारासह जगत होते आणि २५ वर्षांत हे प्रमाण दुप्पट झाले होते. छत्तीसगढ हे वयाने तुलनेने तरुण राज्य आहे. सरासरी पाहणाऱ्या नियोजनकर्त्याला येथे वार्धक्याचा प्रश्न दिसत नाही. एकाच काळात भरती झालेली आणि एकाच काळात म्हातारी झालेली भिलाईसारखी नगरी त्या सरासरीत हरवून जाते.

दाखल झाला तरच रुग्ण?

केंद्र सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना सुरू केली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून तिचा लाभ ७० वर्षे पूर्ण केलेल्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, देण्यात येऊ लागला. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण अनेक कुटुंबांना कर्जातून वाचवणारे आहे, यात शंका नाही. परंतु ते मुळात रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्च त्यात धरला जातो. बाह्यरुग्ण विभागातील नेहमीची तपासणी आणि महिन्याच्या गोळ्या धरल्या जात नाहीत.

कंपवाताचा खर्च नेमका तेथेच असतो. दिवसातून तीन-चार वेळा, पुढे पाच-सहा वेळा घ्यायच्या गोळ्या, दर दोन-तीन महिन्यांनी तज्ज्ञांची भेट, भौतिकोपचार, उच्चारोपचार, घरात बसवायच्या कठड्यापासून सोबतीच्या माणसापर्यंत सगळे रुग्णालयाच्या दाराबाहेरचे. रुग्ण पडला, हाड मोडले किंवा अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला की मग कार्ड उपयोगी पडते. पडू नये म्हणून आधी केलेल्या खर्चाला कार्ड नाही, पडल्यानंतरच्या शस्त्रक्रियेला आहे. हा हिशेब शासनाच्या तिजोरीच्या दृष्टीनेही शहाणपणाचा म्हणता येणार नाही.

समाधानाची बाब अशी की, या आजारावरील सर्वांत प्रभावी औषध आज दुर्मीळ नाही. लेव्होडोपा आणि कार्बिडोपा यांची जोडगोळी राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि नव्या औषधांच्या तुलनेत स्वस्त आहे. या औषधाशी आपले एक जुने नातेही आहे. खाजकुइलीच्या बियांत, ज्यांना छत्तीसगढमध्ये केवाच म्हणतात, लेव्होडोपा नैसर्गिकरीत्या असते. ते या बियांतून वेगळे केल्याचे दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ मध्ये दाखवले. कंपवातात त्याचे महत्त्व मात्र १९६० च्या दशकात, डोपामिनवरील संशोधनानंतर लक्षात आले. त्या संशोधनासाठी स्वीडनचे अर्विद कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या इतिहासाचा एक उलटा परिणाम होतो. "आपल्याच औषधातून निघाले आहे" असे म्हणत बियांचे चूर्ण गोळ्यांच्या जोडीने घेतले जाते. चूर्णातील मात्रा मोजलेली नसते, डॉक्टरांना ते माहीत नसते आणि भास, रक्तदाब उतरणे किंवा अनावर हालचाली सुरू झाल्या की दोष गोळीला दिला जातो.

औषध स्वस्त असले तरी ते घेणे सोपे नाही. जेवणातील प्रथिनांमुळे त्याचे शोषण अडते, म्हणून ते साधारणपणे जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा तासाभराने घ्यायचे असते. काही वर्षांनी गोळीचा परिणाम पुढच्या वेळेआधीच ओसरू लागतो. तेव्हा अर्ध्या तासाचा उशीरही रुग्णाला खुर्चीत खिळवून ठेवतो. औषध एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. इतर कारणासाठी रुग्णालयात भरती झालेल्या रुग्णाच्या गोळ्या तेथील वेळापत्रकाप्रमाणे सकाळ-संध्याकाळ अशा दिल्या जातात आणि चालता आलेला माणूस अंथरुणाला खिळतो, हा जगभरचा अनुभव आहे. भ्रम झालेल्या अशा रुग्णाला हॅलोपेरिडॉल दिल्यास स्थिती आणखी बिघडते. आईवडिलांना दाखल करताना गोळ्यांच्या नेमक्या वेळा आणि टाळायची औषधे कागदावर ठळक लिहून परिचारिकेच्या हाती देणे, हे लांबून आलेल्या मुलाचे सर्वांत उपयुक्त काम ठरू शकते.

याच संदर्भात आणखी एक इशारा, कारण घरात त्याची चर्चा संकोचामुळे होत नाही. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे काही रुग्णांत जुगार, अनावर खरेदी किंवा कामेच्छेचा अतिरेक दिसू लागतो. आयुष्यभर काटकसरीने राहिलेल्या वडिलांनी अचानक लॉटरीत पैसे घालवले, तर भांडण करण्याआधी औषधांची यादी पाहावी.

अंतर आणि माणसे

कोहक्यातील रुग्णाला जायचे कोठे? कारखान्याच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयाचा आणि सेलच्या निवृत्तांसाठीच्या वैद्यकीय विमा योजनेचा आधार आहे. कंत्राटी कामगार म्हणून आयुष्य काढलेल्या शेजाऱ्याला ही विमा योजना नाही. सुपेल्यात लाल बहादूर शास्त्री शासकीय रुग्णालय आहे, दुर्गला जिल्हा रुग्णालय आहे आणि रायपूरला टाटीबंध येथे २०१२ पासून एम्स आहे. भिलाईहून ते साधारण तासाभराच्या अंतरावर. अनेक मराठी कुटुंबे नागपूरही गाठतात, कारण तेथे नातेवाईक असतात आणि डॉक्टरांशी आपल्या भाषेत बोलता येते.

सहा दशकांपूर्वीची एक घटना येथे आठवते. मराठी घरात जन्मलेले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध शेजारच्या राजनांदगावात प्राध्यापक होते. १९६४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांना आधी भोपाळला आणि पुढे दिल्लीच्या एम्समध्ये न्यावे लागले आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. आजार वेगळा होता, काळही वेगळा होता. तेव्हाच्या तुलनेत आज मज्जाविकारतज्ज्ञ राजनांदगावपासून फार तर दोन तासांवर आहे. अंतर कमी झाले, हे मान्य करावेच लागेल. पण एका झटक्यासाठी एकदा केलेला प्रवास वेगळा आणि पाय जागच्या जागी थिजणाऱ्या माणसाला दर तीन महिन्यांनी रिक्षात चढवून, रांगेत बसवून, गोळीची वेळ सांभाळून परत आणणे वेगळे. हे काम बहुधा पंचाहत्तरीची पत्नी करते, किंवा नोकरी सोडून माहेरी वा सासरी राहिलेली एखादी बाई करते. तिच्या कामाची नोंद कोणत्याही योजनेत नाही.

दूरस्थ सल्ल्याची सोय अशा रुग्णांसाठीच जणू बनली आहे. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि ई-संजीवनी ही शासकीय सेवाही सुरू आहे. पहिले निदान प्रत्यक्ष भेटीतच व्हावे, कारण मनगटाचा ताठरपणा पडद्यावर समजत नाही. त्यानंतरच्या भेटी मात्र एकाआड एक दृक्संवादाने होऊ शकतात आणि मुलाला बंगळूरहूनच त्यात सामील होता येते. सार्वजनिक रुग्णालयांनी मज्जाविकाराच्या जुन्या रुग्णांसाठी अशी ठरावीक वेळ ठेवली, तर तिला नवी इमारत लागणार नाही.

कायद्याची बाजूही अशीच अर्धी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने पार्किन्सन्सचा समावेश २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत केला. हे मोठे पाऊल होते आणि त्याची माहिती आजही फार थोड्या कुटुंबांना आहे. बहुतेक लाभांसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. येथे आजाराचा स्वभावच आड येतो. प्रवासासाठी म्हणून गोळी वेळेवर घेऊन निघालेला रुग्ण वैद्यकीय मंडळासमोर तासभर बरा चालतो. दुपारी घरी परतल्यावर त्याला पेलाही उचलत नाही. मंडळाने कोणत्या तासाचा माणूस मोजायचा? गोळीचा अंमल असताना आणि नसताना अशा दोन्ही अवस्थांची नोंद उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून आधीच लेखी घेऊन जाणे हा सध्याचा व्यवहार्य मार्ग दिसतो.

आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा तर जबाबदारी टाळणाऱ्या मुलांना समोर ठेवून लिहिला गेला. ज्यांना जबाबदारी घ्यायची आहे, परंतु रजा नाही, माहिती नाही आणि गावात हाक मारायला माणूस नाही, अशा मुलांचा विचार त्यात नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना अपत्यसंगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची रजा मिळू शकते. आजारी आईवडिलांसाठी अशी स्वतंत्र रजा नाही. असते ती आपल्याच खात्यातील अर्जित रजा. खासगी क्षेत्रात तर व्यवस्थापकाच्या मर्जीवर सगळे अवलंबून.

ही पोकळी महाराष्ट्रात काही प्रमाणात नागरिकांनीच भरून काढली. मुंबईत डॉ. बी. एस. सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी स्थापन झाली. तिच्या केंद्रांत रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय एकत्र व्यायाम करतात आणि एकमेकांकडून युक्त्या शिकतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि शुभंकरांनी, म्हणजे काळजीवाहकांनी, मराठीतून चालवले आहे. पुण्यातच नृत्याच्या वर्गांतून रुग्णांच्या हालचाली सुधारण्याचा प्रयोग झाला. पाय थिजला असता जमिनीवर आखलेली आडवी रेघ ओलांडण्याचा किंवा मनात ताल धरण्याचा उपाय औषधाच्या चिठ्ठीवर सहसा नसतो. तो अशा गटात कळतो. कोविडच्या काळात अशा गटांच्या सभा दूरस्थ पद्धतीने होऊ लागल्या, तेव्हा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी रुग्णांनाही दार उघडले.

भिलाईत यासाठी लागणारे बरेच काही आधीपासून आहे. एकाच कारखान्यात काम केलेले, एकमेकांना पाळीच्या वेळांपासून ओळखणारे हजारो निवृत्त येथे शेजारीशेजारी राहतात. सेक्टरांतली सभागृहे आहेत, मंडळे आहेत, सकाळी मैदानात फिरणारे गट आहेत. कारखान्याचे रुग्णालय, जिल्हा प्रशासन आणि भिलाई महानगरपालिका यांपैकी कोणीही आठवड्यातून एक सकाळ, एक भौतिकोपचारतज्ज्ञ आणि एक खोली एवढे दिले तरी सुरुवात होऊ शकते. तोपर्यंत कोहक्यातील त्या घरात सकाळी सहाचा गजर गोळीसाठी वाजतो आणि सातला पुण्याहून दूरध्वनी येतो. पलीकडून पहिला प्रश्न असतो, "आई, बाबांनी गोळी घेतली का?"